पौष, सकाळी सात

आमच्या शाळेच्या गच्चीवर जाणारा जिना लोखंडी आहे आणि त्याची चौथी पायरी हलते. ती हलली की खाली स्टाफरूमपासून माझ्या खोलीपर्यंत खडखड ऐकू येते. अकरा वर्षं दर गुरुवारी ती खडखड मी ऐकली आणि दर गुरुवारी मनात म्हटलं, चालले शेषराव. ते वर कशाला जातात हे मला चांगलं माहीत होतं, कारण ते काम मीच त्यांच्या गळ्यात मारलं होतं. तरी अकरा वर्षांत एकदाही त्यांच्यामागे जिना चढले नाही. तेव्हा माझे गुडघेही चांगले होते, म्हणजे तेही निमित्त सांगायची सोय नाही.

शेषराव आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. गाव अनसिंग, पण नोकरीसाठी वाशिमला एका खोलीत बिऱ्हाड. अंगाने काटकुळे, उंची बेताची. सदरा रोज पांढरा आणि रोज नीळ घातलेला. संध्याकाळी शाळा सुटली की ते मानेमागे हात घालून कॉलर पुढे ओढायचे, तिच्याकडे निरखून पाहायचे, मान हलवायचे आणि मग सायकलला टांग मारायचे. स्टाफरूममध्ये यावरून त्यांची फार टिंगल व्हायची. मीही केली. शेषराव, बायको काही म्हणते का कॉलरवरून, असं मी एकदा विचारलं. ते गंभीरपणे म्हणाले की बायको काही म्हणत नाही, कॉलर म्हणते.

मी विज्ञान शिकवायचे. मुख्याध्यापिका व्हायच्या बऱ्याच आधी नववीच्या मुलींकडून विज्ञान प्रदर्शनासाठी एक प्रयोग करून घेतला होता. काचपट्टीला व्हॅसलीनचा पातळ हात द्यायचा, ती कपड्याच्या चिमट्याने गच्चीवरच्या तारेला अडकवायची आणि आठवड्याने काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. हवेतली धूळ काचेला चिकटलेली दिसते. तालुक्यात तिसरं बक्षीस मिळालं, मुलींना स्टीलचे डबे मिळाले, विषय संपला. शेषराव मात्र काचांचा ट्रे घेऊन दारात उभे. आता याचं काय करू म्हणून विचारत होते. तासाची घंटा झालेली, माझ्या हातात वह्यांचा गठ्ठा. मी म्हटलं, लावत राहा शेषराव, वर्षभराचं कळेल. ती काही योजना नव्हती हो. घाईत असलेल्या माणसाच्या तोंडून निघालेले चार शब्द होते.

शेषरावांनी ते शब्द हुकूम म्हणून घेतले. दर गुरुवारी जुनी काच उतरवायची, नवी लावायची. उतरवलेल्या काचेच्या टोकाला चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर बॉलपेनने महिना आणि तिथी. इंग्रजी तारखा त्यांना पटत नसत. पाऊस पंचांगाने येतो, तर धूळही पंचांगानेच येणार, असं त्यांचं म्हणणं. काच वर्तमानपत्रात गुंडाळून औषधाच्या रिकाम्या खोक्यात ठेवायची आणि ठिपके मोजून वहीत लिहायचे. दहावीपर्यंत शिकलेला माणूस, पण सूक्ष्मदर्शकावर त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका होता.

दोन वर्षांनी मी कसल्यातरी दुसऱ्याच वस्तूसाठी कपाट उघडलं आणि मला ती खोकी दिसली. उतरवलेली प्रत्येक काच ते जपून ठेवत असतील असं वाटलंच नव्हतं, मी थक्क झाले. शेषरावांनी मग मला खुर्चीवर बसवून अख्खं वर्ष दाखवलं. आषाढ-श्रावणातली काच जवळजवळ कोरी, कुठे एखादा परागकण. आश्विनात सोयाबीन मशिनीत पडलं की काचेवर तांबूस भुसा आणि बारीक लव. दिवाळीच्या आठवड्याची काच करडी. मार्गशीर्ष लागला की काळे ठिपके, इतके बारीक की डोळा बारीक करावा लागे. पौषात ते एकमेकांना खेटून बसलेले. फाल्गुनात तुरीचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा. आणि चैत्र-वैशाखात नुसती मातीच माती, जाडीभरडी, तांबडी. आपण बारा महिने एकच हवा घेतो असं मला तोवर वाटत होतं. मी विज्ञानाची बाई, पण मला वाटत होतं.

त्यांनी या धुळीची वर्गवारीही केली होती. जाड माती म्हणजे पाव्हणा. पौषातली काजळी म्हणजे घरजावई. पाव्हणा नाकातच अडकतो, शिंकला की जातो. घरजावई छातीत जाऊन बसतो आणि उठायचं नाव घेत नाही. मी हे वर्गात वापरलं. पोरी हसून लोळल्या आणि परीक्षेत तेच लिहून आल्या. एकीने तर धूलिकणांचे प्रकार दोन, पाव्हणा व घरजावई, असं लिहिलं. मी मार्क दिले.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "काच पाहा, मंग बोला." पोरांना सांगायचे, मला सांगायचे, आणि स्टाफरूममध्ये डस्टर कुणी पळवलं यावर भांडण जुंपलं तेव्हा सवयीने तिथेही म्हणाले. हेच वाक्य त्यांनी भाऊसाहेबांना ऐकवलं आणि तिथे जरा बिनसलं.

भाऊसाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे सचिव. गावाबाहेरच्या नव्या लेआऊटमध्ये त्यांनी बंगला बांधला. वास्तुशांतीला आम्ही सगळे जेवायला गेलो. भाऊसाहेब गच्चीवर नेऊन एकेकाला दाखवत होते, इथली हवा बघा, बाजारातल्यासारखी घाण नाही, छाती भरून घ्या. सगळ्यांनी छात्या भरून घेतल्या. शेषरावांनी खिशातून काच काढली. साहेब, आठ दिस लावू काय, म्हणाले. भाऊसाहेब चांगल्या मूडमध्ये होते, लावा म्हणाले.

पौष होता. आठ दिवसांनी भाऊसाहेब शाळेत आले तेव्हा शेषरावांनी दोन काचा तयार ठेवल्या होत्या, एक एस.टी. स्टँडजवळच्या आमच्या शाळेच्या गच्चीवरची आणि एक बंगल्याची. भाऊसाहेबांनी दोन्ही पाहिल्या आणि खुशीत विचारलं, यातली काळी ती स्टँडची ना? शेषराव म्हणाले, दोनीबी सारख्याच हायेत साहेब. मग समजावूनही सांगायला लागले. लेआऊटच्या मागे कचरा पेटतो, पलीकडे वीटभट्ट्या आहेत, थंडीत धूर वर जात नाही, सकाळी गावावर बसून राहतो, त्याला गाव कोणतं आणि लेआऊट कोणता. उन्हाळ्यात तर कच्च्या रस्त्यांमुळे लेआऊटची काच गावापेक्षा वाईट येईल. भाऊसाहेबांचा चेहरा उतरत गेला. तुमची दुर्बीण खराब आहे, असं म्हणून ते उठले. जाता जाता मला म्हणाले, या माणसाला काही काम द्या. मी हसले. शेषराव काचा पुसत नव्हते, गुंडाळून ठेवत होते.

पुढे मी मुख्याध्यापिका झाले. खुर्ची उंच झाली की कान लांब जातात की काय कोण जाणे, खडखड ऐकू यायची पण तिचा अर्थ लागेनासा झाला. माझ्या तिसऱ्या वर्षी कार्तिकात शेषराव माझ्या खोलीत आले. उभेच राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. गेली तीन वर्षं ते थंडीत आठवड्याच्या काचेबरोबर आणखी दोन काचा लावत होते. एक सकाळी सात ते नऊ, एक साडेदहा ते साडेबारा. दोन्ही मैदानाच्या कडेला, मुलांच्या नाकाच्या उंचीवर. सातची काळी येत होती आणि साडेदहाची बरीच उजळ. आमची सकाळची शाळा सातला भरते आणि भरल्या भरल्या मैदानावर पी.टी. होते. चारशे मुलं हात वर-खाली करत, उड्या मारत, तोंडं उघडी टाकून श्वास घेतात.

"थंडीचे दोन महिने पी.टी. साडेदहाले घ्या, मॅडम," शेषराव म्हणाले. "बाकी काई मांगत नाई मी."

मागणी साधी होती. मी घंटेची वेळ बदलायची, बस. पण भाऊसाहेबांनी दोन वर्षांपूर्वी पी.टी.ची शिस्त म्हणून जिल्ह्यात शाळेचं नाव काढलं होतं आणि त्यांना विचारल्याशिवाय हात लावायची माझी छाती नव्हती. मी म्हटलं, शाळा समितीच्या बैठकीत मांडू. भाऊसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, पुरावा काय? मी काचांचं सांगितलं, तर म्हणाले, तीन वर्षांच्या काचा आणा म्हणावं, बघू. बैठक सोमवारी ठरली. शेषराव एवढे खूश झाले की त्या दिवशी कॉलर पाहायची विसरले.

त्याच आठवड्यात शुक्रवारी शाळा तपासणी आली. शेषराव बुधवारपासून रजेवर, घरचं काम आहे, अकोल्याला जायचंय म्हणून. आदल्या दिवशी मी प्रयोगशाळेचं साहित्य रजिस्टरशी ताडून पाहिलं तर काचपट्ट्या नोंदीपेक्षा कितीतरी कमी. कपाट उघडलं. खोक्यांत काचाच काचा, पण सगळ्या मळक्या. आता इथे मी बावळट होते, मला ठाऊक नव्हतं, असं लिहिता आलं असतं तर किती बरं झालं असतं. मला ठाऊक होतं. मी चिकटपट्ट्या वाचल्या. पौष, सकाळी सात. पौष, साडेदहा. वही उघडून पाहिली, प्रत्येक काचेपुढे आकडा होता. आणि आकडा वहीत उतरला की नमुना टाकून द्यायचा, स्लाइड धुऊन ठेवायची, हे मीच वीस वर्षं पोरींना शिकवत आले होते. चांगली सवय म्हणून. मी बाह्या वर सारल्या. कमल मावशींनी बादलीत धुण्याचा सोडा आणि गरम पाणी आणलं. मावशी एवढंच म्हणाल्या की, मॅडम, त्याईले इचारून घेतलं असतं. मी म्हटलं, वहीत आहे सगळं. आम्ही दोघींनी मिळून अकरा वर्षं धुऊन काढली. पाणी आधी तांबूस आणि मग काळं झालं. तपासणीस आलेले साहेब काचा पाहून म्हणाले की प्रयोगशाळा इतकी स्वच्छ क्वचित पाहायला मिळते. मला बरं वाटलं होतं.

शनिवारी शेषराव परतले. मी मुद्दाम प्रयोगशाळेत गेले, सांगावं म्हणून. ते कपाटासमोर उभे होते. एक काच उचलून त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली, फिरवून पाहिली, परत ठेवली. दुसरी उचलली. मी घाईघाईने तपासणीचं सांगितलं, रजिस्टरचं सांगितलं, वही आहेच म्हणाले.

"लई सोच्छ झाल्या, मॅडम," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते.

सोमवारी बैठकीत भाऊसाहेबांनी वही चाळली आणि मिटली. वही घरी बसूनही भरता येते, म्हणाले. काचा आणणार होतात ना? शेषरावांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मी तोंड उघडणार होते. खरंच उघडणार होते, शब्द जुळवत होते. तेवढ्यात ते म्हणाले, "काचा राह्यल्या नाई साहेब. माह्याकून पुसल्या गेल्या."

सगळे हसले. अकरा वर्षं जपल्या आणि बैठकीच्या आदल्या दिवशी पुसल्या, असं कुणीतरी म्हणालं. मी समोरच्या चहाच्या कपाकडे पाहत बसले. तेव्हाही बोलता आलं असतं. बैठक पुढे आणखी तासभर चालली, म्हणजे वेळ नव्हता असंही नाही. पी.टी. सातलाच राहिली.

त्या थंडीत मी रोज सकाळी त्यांना मैदानावर, नळाजवळच्या कोपऱ्यात उभं असलेलं पाहायचे. हातात घडी केलेला पांढरा रुमाल. मला वाटायचं, रुसलेत, सातची हवा माझ्या डोळ्यांसमोर उभी करतायत. मला रागही यायचा. पौषात एक दिवस सहावीच्या रांगेत गलबला झाला. पहिल्याच ओळीतली एक मुलगी खाली बसली होती, तिचा श्वास नुसता शिट्टीसारखा वाजत होता आणि ओठ निळे पडत होते. मी माझ्या खोलीच्या पायऱ्या उतरेपर्यंत शेषराव तिथे पोचले होते. त्यांनी रुमालाची घडी उलगडली, त्यात श्वासाचा पंप होता. तो तिच्या तोंडाला लावला, तिला उचललं आणि गेटबाहेरच्या ऑटोत बसले. ती मुलगी, पूनम, त्यांच्या मुलीची मुलगी होती. आडनाव वेगळं, म्हणून शाळेत कुणाला कळलं नव्हतं. तिचे आईबाप दिवाळी झाली की पुण्याकडे कामाला जायचे आणि फाल्गुनात परत यायचे. नेमके तेच महिने ती आजोबांकडे असायची. बुधवारची अकोल्याची रजा तिच्या डॉक्टरसाठी होती.

पोरगी वाचली. मी दवाखान्यात गेले तेव्हा शेषराव बाकावर बसले होते. मी त्यांच्यावर चिडलेच. चूक माझी असली की मला आधी राग येतो. मी म्हटलं, मला आधी का सांगितलं नाही? नात आहे म्हणून सांगितलं असतं तर मी त्या दिवशीच वेळ बदलली असती.

"मनूनच नाई सांगितलं," ते म्हणाले. "माह्या पोरीसाठी मांगतलं असतं तर तुमी उपकार केला असता. मले उपकार नोता पाह्यजे मॅडम. तिथं चारशे लेकरं हायेत. म्या काच आनली होती."

आठवडाभर आम्ही पी.टी. बंद ठेवली. मग भाऊसाहेबांचा फोन आला आणि पुन्हा सातला सुरू झाली. शेषराव त्या उन्हाळ्यात निवृत्त झाले आणि पूनमचा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आले. अनसिंगला भावाच्या मळ्यात राहायचं ठरवलं होतं, वांगी-मेथीच्या वाफ्यांजवळ. दर रविवारी तिथेही ते काच लावायचे आणि पौषात शाळेच्या काचेपेक्षा अनसिंगची काच कितीतरी साफ यायची, हे त्यांना अनेक वर्षं माहीत होतं. एवढ्या मेहनतीचा उपयोग अखेर एका पोरीला कुठे न्यावं हे ठरवण्यापुरताच झाला. दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण लिहायचं असतं. मी पेन उचलून विचारलं. ते म्हणाले, लिहा, हवा मानवत नाई. मी पेन धरून बसले. दाखल्याची प्रत फाइलला लागते आणि फाइल भाऊसाहेब पाहतात. मी 'कौटुंबिक कारण' असं लिहिलं. शेषरावांनी ते ओठ हलवत वाचलं, दाखल्याची घडी केली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि नमस्कार करून गेले.

चार वर्षं झाली. परवा, तुळशीचं लग्न होऊन आठवडा झाला असेल, शाळेतल्या एका बाईंच्या मुलीच्या लग्नाला अनसिंगला गेले होते. शेषराव मांडवात भेटले. सदरा तसाच पांढरा. पूनम दहावीत आहे, सायकलने शाळेत जाते, पंप दप्तरात असतो पण दोन वर्षांत काढायची वेळ आली नाही, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. मी विचारलं, काचा लावता का अजून? नाही म्हणाले. कोणाले दाखवू, म्हणाले, आणि वाढणाऱ्याला बोलावून आग्रहाने माझ्या पानात जिलेबी वाढायला लावली.

परतताना एस.टी.पर्यंत सोडायला आले. मला खिडकीजवळची जागा मिळाली. काच मळलेली होती, बाहेरचं धड दिसत नव्हतं. त्यांनी बाहेरून खिशातला रुमाल काढून माझ्यापुरती काच पुसली, मग सवयीने रुमाल उलटा करून पाहिला. त्यांनी विचारलं, "पी.टी. किती वाजता हाय आता?"

मी म्हटलं, सातलाच.

त्यांनी रुमालाची घडी केली, मळकी बाजू आत घेऊन. "मार्गशीर्ष जवळ आला, मॅडम," एवढं म्हणाले आणि गाडी सुटली. वळणापर्यंत ते रस्त्याच्या कडेला उभे दिसत होते, मग एका ट्रकच्या धुळीत दिसेनासे झाले.

सोमवारी सकाळी मी कमल मावशींना बोलावलं आणि म्हटलं, मावशी, उद्यापासून पी.टी.ची घंटा साडेदहाला द्या. बरं, म्हणाल्या आणि गेल्या. झालं. ठराव लागला नाही, बैठक लागली नाही, एक काचसुद्धा लागली नाही. गुरुवारी भाऊसाहेब आले, साडेदहाच्या उन्हात मैदानावर मुलं पाहून म्हणाले, छान कोवळं ऊन आहे, आणि आत जाऊन चहा मागितला. बाकी त्यांनी काहीही विचारलं नाही. मी व्हरांड्यात उभी राहून नळाजवळच्या कोपऱ्याकडे पाहत होते. मावशींना जे सांगितलं ते एकच वाक्य होतं, आणि ते मला चार वर्षांपूर्वीही बोलता येत होतं.